टेक्सासच्या लिन काउंटीत कापूस अनुदानाचा चेक कसा ठरतो

अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरमसाट अनुदान देते, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही कापूस परिषदेत ऐकायला मिळतं. गोष्ट खरी आहे. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं ते आपल्याकडचं: शेतकऱ्यानं जिनिंगवर कापूस नेला, काट्यावर वजन झालं आणि क्विंटलमागे काही डॉलर सरकारनं खात्यात टाकले. अमेरिकेतला बराच पैसा या वाटेनं येत नाही. ज्या कापसाच्या नावानं चेक निघतो तो कापूस त्या वर्षी पेरलेला असलाच पाहिजे, अशीही अट नाही. म्हणून ‘किती पैसे मिळतात’ याआधी ‘पैसा कशाला बांधलेला आहे’ हे विचारावं लागतं. जुन्या कागदावरच्या एकराला, गाठीला, विमा पॉलिसीला, की यंदाच्या पेऱ्याला? चारही खुंट्या वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीवर वेगळ्या माणसाचा फायदा टांगलेला आहे.

उदाहरणाला टेक्सासची लिन काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) घेऊ. लबक शहराच्या काउंटीला दक्षिणेकडून लागून असलेला हा सपाट पठारी भाग. मुख्य गाव ताहोका, सगळ्या काउंटीची लोकसंख्या साडेपाच हजारांच्या आसपास, आणि नजर जाईल तिथपर्यंत कपाशी. पाऊस वर्षाला साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर, तोही लहरी. काही शेतांना ओगालाला भूजलसाठ्याचं पाणी मिळतं, पण तो साठा वर्षानुवर्षं खाली चाललाय, त्यामुळे बरीच कपाशी कोरडवाहू. कोरडवाहू शेतीच्या अडचणी तिथल्या माणसाला आपल्याला समजावून सांगाव्या लागणार नाहीत. फरक जमिनीच्या आकाराचा आहे. हजार-दोन हजार एकर कसणारं कुटुंब तिथे मोठं बागायतदार मानलं जात नाही.

सरकारी कामासाठी शेतकरी जातो तो संघीय कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या काउंटी कार्यालयात. सगळे तिला एफएसए म्हणतात. इथे प्रत्येक शेतीला फार्म नंबर असतो, त्याखाली ट्रॅक्ट नंबर, आणि प्रत्येक बांधबंदिस्त तुकड्याचा हवाई छायाचित्रावर आखलेला नकाशा. देखरेखीला शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली काउंटी समिती असते. आपल्या सातबाऱ्यावर पीकपाहणीची नोंद असते, तशी तिथे दरवर्षी पेऱ्याची नोंद करावी लागते. वसंतात पेरलेल्या पिकांसाठी मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलै. ही तारीख चुकली तर उशिराचं शुल्क आणि शेत मोजून घ्यायचा खर्च शेतकऱ्याच्या माथी पडतो, आणि पुढे कुठलंही तातडीचं पॅकेज आलं की त्याची अडचण इथूनच सुरू होते.

पहिली खुंटी: बेस एकर

फार्म नंबरच्या नोंदीत एक आकडा असतो, ‘बेस एकर’. या शेतावर पूर्वी कधी तरी किती एकर कापूस पेरला जायचा, त्याचा हा गोठवलेला इतिहास. २००२ च्या शेती कायद्यानं १९९८ ते २००१ च्या पेऱ्यावरून तो सुधारून घ्यायची मुभा दिली होती. त्यानंतर २०१४ मध्ये कापसाचा बेस ‘जेनेरिक’ झाला आणि २०१८ मध्ये पुन्हा कापसाचा झाला. त्यामागची भानगड पुढे येईलच. आज मुद्दा एवढाच की, बेस जमिनीला चिकटलेला असतो. शेतकऱ्यानं यंदा त्या जागी ज्वारी घातली किंवा गहू घातला तरी कापसाच्या बेसवरचा चेक कापसाच्या भावानुसारच निघतो. बेसच्या जागेवर भाजीपाला-फळं ठराविक मर्यादेबाहेर घेतली तर मात्र रक्कम कापतात.

या बेसवर दोन योजना आहेत. पहिली ‘प्राइस लॉस कव्हरेज’, म्हणजे पीएलसी: बाजारातला सरासरी भाव कायद्यात लिहिलेल्या संदर्भ भावाखाली गेला तर फरक द्यायचा. दुसरी ‘अ‍ॅग्रिकल्चर रिस्क कव्हरेज’, एआरसी: काउंटीचं सरासरी उत्पन्न, म्हणजे उतारा गुणिले भाव, ठरलेल्या पातळीखाली घसरलं तर द्यायचं. ही पातळी आधीच्या उत्पन्नाच्या ८६ टक्के होती, २०२५ च्या कायद्यानं ९० केली. कुठली निवडायची ते त्या फार्मवर हिस्सा असलेल्या सगळ्यांनी एकमतानं ठरवायचं असतं. एकानं जरी सही अडवली तर जुनीच निवड चालू राहते. भावंडांत वाद असलेल्या जमिनीचं काय होत असेल, याची कल्पना महाराष्ट्रात कुणालाही करता येईल. २०२५ च्या पिकापुरती मात्र सवलत आहे: दोन्हींपैकी जी रक्कम जास्त येईल ती आपोआप मिळते.

पीएलसीचा हिशेब बारकाईनं बघण्यासारखा आहे. कायद्यातला संदर्भ भाव रुईचा नसून सरकीसकट कापसाचा आहे. पण अमेरिकेत तसा कापूस कुणी विकत नाही. शेतकरी जिनिंग करून घेतो, गाठी आपल्या नावावर ठेवतो आणि सरकी बहुतेकदा जिनिंगच्या खर्चात वळती होते. मग कापसाचा भाव काढायचा कसा? रुईचा आणि सरकीचा वर्षभराचा राष्ट्रीय सरासरी भाव घेऊन, वजनाच्या प्रमाणात मिसळून.

आकडे धरून बघू. भाव आणि उतारे समजण्यापुरते घेतले आहेत. रुई पौंडाला ६४ सेंट, सरकी पौंडाला १० सेंट. एक पौंड रुईमागे १.४ पौंड सरकी धरली तर २.४ पौंड कापसाची किंमत ६४ अधिक १४, म्हणजे ७८ सेंट. पौंडाला ३२.५ सेंट. संदर्भ भाव २०१८ पासून ३६.७ सेंट होता. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्यानं तो ४२ सेंट केला. ४२ वजा ३२.५, म्हणजे पौंडामागे साडेनऊ सेंट द्यायचे.

आता किती पौंडांवर? यंदा पिकलेल्या नव्हे, फार्मच्या नोंदीतल्या ‘पेमेंट यील्ड’वर, म्हणजे आणखी एका गोठवलेल्या आकड्यावर. समजा तो एकरी ४०० पौंड रुई आहे. कायद्यातला गुणक २.४, म्हणून ९६० पौंड कापूस. (क्विंटलमध्ये सव्वाचारच्या थोडा वर. कोरडवाहूचा उतारा तिथेही काही आभाळाला टेकलेला नाही.) ९६० गुणिले साडेनऊ सेंट म्हणजे ९१.२० डॉलर. कायदा बेसच्या ८५ टक्क्यांवरच पैसे देतो, म्हणून बेस एकरामागे ७७.५२ डॉलर. हजार बेस एकर असतील तर ७७,५२० डॉलर. यातून संघीय खर्चकपातीचे ५.७ टक्के जातात, हातात पडतात ७३,१०१.

हे पैसे लगेच मिळत नाहीत. कापसाचं विपणन वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. ते संपल्याशिवाय सरासरी भाव निघत नाही, आणि चेक निघतो त्यानंतरच्या १ ऑक्टोबरनंतर. म्हणजे मे २०२५ मध्ये पेरलेल्या, नोव्हेंबरात वेचलेल्या कापसाचा फरक ऑक्टोबर २०२६ नंतर. दरम्यान बियाणं, डिझेल, यंत्राचा हप्ता सगळं बँकेच्या पीककर्जावर चाललेलं असतं. बँकवाला कर्ज देताना पीएलसीची अपेक्षित रक्कम हिशेबात धरतो, पण अपेक्षित रकमेतून डिझेल मिळत नाही.

४२ सेंट पौंड म्हणजे क्विंटलला सुमारे ९२.६ डॉलर. डॉलर ८५ ते ९० रुपये धरला तर साधारण ७,८७० ते ८,३३० रुपये. भारताचा २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये. कागदावर दोन्ही सरकारं जवळपास एकाच भावाची भाषा करतात, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण आपल्याकडे तो भाव मिळायला कापूस खरेदी केंद्रावर न्यावा लागतो, ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. लिन काउंटीतल्या माणसाला बेसवरच्या चेकसाठी एक बोंडही दाखवावं लागत नाही.

मधली चार वर्षं कापूस यादीतून का गेला

२००२ मध्ये ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेविरुद्ध तक्रार केली. मुद्दा सोपा होता: अमेरिकी अनुदान भाव पडला तरी पेरा कमी होऊ देत नाही, त्यामुळे जगातला भाव दबतो. २००१-०२ च्या हंगामात रुईचा जागतिक भाव पौंडाला ४० सेंटच्या खाली गेला होता. अपील मंडळानं मार्च २००५ मध्ये ब्राझीलच्या बाजूनं निकाल दिला. त्याआधी २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी हाच प्रश्न कानकूनच्या परिषदेत मांडला होता, पण त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. ब्राझीलकडे मात्र प्रतिशुल्क लावायचा अधिकार आला. तो वापरू नये म्हणून अमेरिकेनं २०१० पासून ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आपल्या शेतकऱ्याचं अनुदान टिकावं म्हणून परक्या देशाच्या शेतकरी संस्थेला पैसे मोजायचे! व्यापारी वाटाघाटींत याहून विचित्र तोडगा क्वचितच सापडेल.

याच तडजोडीच्या काळात २०१४ च्या कायद्यानं कापूस पीएलसी-एआरसीच्या यादीतून काढला. कापसाच्या बेसला ‘जेनेरिक बेस’ नाव दिलं. त्यावर पैसे हवेत तर यादीतलं दुसरं पीक प्रत्यक्ष पेरायचं. मग दक्षिणेत अनेकांनी भुईमूग घातला, कारण त्याचा संदर्भ भाव चांगला होता. पेऱ्याचा निर्णय अनुदानानं कसा वळतो याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये कापूस परत आला, पण रुई म्हणून नव्हे, सरकीसकट. जेनेरिक बेसचं रूपांतर करताना मालकाला पर्याय होते: बेसच्या ८० टक्के, किंवा २००९ ते २०१२ च्या सरासरी पेऱ्याइतकं. ज्या जमिनीवर २००९ ते २०१६ मध्ये कापूसही नव्हता आणि यादीतलं दुसरं कुठलं पीकही नव्हतं, तिच्या बेसवर पुढे पीएलसी-एआरसीचं काहीच मिळालं नाही.

दुसरी खुंटी: गाठ

ही एकच खुंटी प्रत्यक्ष कापसाला बांधलेली आहे. जिनिंगमधून निघालेल्या प्रत्येक गाठीला नंबर लागतो आणि तिचा नमुना कृषी खात्याच्या वर्गीकरण कार्यालयात जातो. तिथे यंत्रावर रंग, पाचोळा, धाग्याची लांबी, ताकद आणि मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा-पक्वता सांगणारा आकडा) मोजतात. त्यावरून गाठीचं कर्जमूल्य ठरतं. मूळ दर पौंडाला ५२ सेंट होता. नव्या कायद्यात २०२६ च्या पिकापासून तो ५५ आहे. ४८० पौंडांची गाठ म्हणजे सुमारे २६४ डॉलर, त्यात प्रतवारीनुसार वाढ किंवा घट.

हे कर्ज नऊ महिन्यांचं, तारण गाठीचं. शेतकरी गोदामपावती तारण ठेवतो आणि पैसे उचलतो. दर गुरुवारी कृषी खातं ‘समायोजित जागतिक भाव’ जाहीर करतं. तो कर्जदराखाली असेल तर शेतकरी कमी रक्कम भरून कर्ज फेडतो, मधला फरक त्याचा. भाव वर असेल तर गाठ सोडवून बाजारात विकायची. आणि काहीच जमलं नाही तर गाठ सरकारला सोडून द्यायची, त्यापलीकडे वसुली नाही. आपल्याकडच्या शेतमाल तारण योजनेत ही शेवटची सोय नसते, म्हणून दोन्हींना एक समजू नये.

हाय प्लेन्सवर, म्हणजे लिन ज्यात येते त्या पठारी पट्ट्यात, चूक होते ती गुणवत्तेत. ऑक्टोबरमध्ये पहिली कडक गोठण लवकर आली की वरची बोंडं पक्व न होताच उघडतात. धागा बारीक राहतो, मायक्रोनेअर ३.५ च्या खाली जातो आणि कर्जमूल्यात कपात सुरू होते. दुसरं म्हणजे इथे बोंडं खरवडून काढणारी स्ट्रिपर यंत्रं चालतात. झाड नीट वाळलेलं नसेल किंवा यंत्र खाली लावलं असेल तर फांदीची साल रुईत येते. वर्गीकरणाच्या पत्रकावर ‘बार्क’ असा शेरा पडला की त्या गाठीची किंमत उतरते. एकाच शेतातल्या, एकाच दिवशी जिन झालेल्या दोन गाठींची कर्जमूल्यं त्यामुळे वेगळी निघतात.

तिसरी खुंटी: विमा

लिनसारख्या काउंटीत खराब वर्षी सगळ्यात मोठा आधार विम्याचा असतो. पॉलिसी खाजगी कंपनी विकते, पण दर आणि नियम सरकारचे, आणि हप्त्याचा मोठा हिस्सा सरकार भरतं. नोंदणीची मुदत या भागात १५ मार्च. शेतकऱ्याचा स्वतःचा चार ते दहा वर्षांचा उतारा काढतात आणि त्याच्या ५० ते ८५ टक्क्यांपर्यंत संरक्षण घेता येतं. उत्पन्नाच्या पॉलिसीत पेरणीआधीचा आणि वेचणीच्या वेळचा वायदेभाव यांतला जो जास्त तो धरतात.

दुष्काळी वर्षं लागोपाठ आली की विमा आतून पोखरला जातो, आणि हे नवख्याच्या लक्षात येत नाही. दर वाईट वर्षाचा उतारा त्या सरासरीत शिरतो, सरासरी खाली येते, पुढच्या वर्षी तेवढाच हप्ता भरून संरक्षण कमी मिळतं. २०२२ मध्ये टेक्सासात पेरलेल्या कपाशीपैकी निम्म्याहून जास्त क्षेत्र वेचणीपर्यंत पोहोचलंच नाही. त्या वर्षाची सावली पुढची कित्येक वर्षं पॉलिसीवर राहते.

आणखी एक फसगत: पीक गेलंय हे उघड दिसतंय म्हणून विमा कंपनीच्या माणसानं पाहणी करून सोडण्याची परवानगी द्यायच्या आधीच नांगर घालणं. पंचनामा होण्याआधी रान मोकळं केलं तर दावा अडकतो. घाईच असेल तर पाहणीसाठी पिकाच्या पट्ट्या उभ्या ठेवायच्या असतात. कापसाची ‘स्टॅक्स’ नावाची पुरवणी पॉलिसीही आहे. काउंटीचं सरासरी उत्पन्न अपेक्षेच्या ९० टक्क्यांखाली गेलं की ती चालू होते, ७० पर्यंत भरपाई देते, हप्त्याचे ८० टक्के सरकारचे. पण २०१८ च्या कायद्यानं अट घातली: ज्या फार्मवर कापसाच्या बेससाठी पीएलसी किंवा एआरसी घेतलं, तिथे स्टॅक्स नाही. विम्याचा एजंट आणि एफएसए कार्यालय या दोन वेगळ्या जागा असल्यानं हा घोळ होतो. एका टेबलावरची सही दुसऱ्या टेबलावरचा हक्क मारते.

चौथी खुंटी: यंदाचा पेरा

कायदा पाच वर्षांचा असतो, संकटं दरवर्षी येतात, आणि निवडणुका दोन वर्षांनी. त्यामुळे मधेमधे खास पॅकेजं निघतात. २०१८ मध्ये चीनशी शुल्कयुद्ध सुरू झाल्यावर कापसाला पौंडामागे ६ सेंट दिले. २०१९ मध्ये पद्धत बदलली आणि प्रत्येक काउंटीला एकच एकरी दर लावला, १५ डॉलरपासून १५० पर्यंत. पीक कुठलंही असो, दर काउंटीचा. परिणामी काउंटीच्या सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे, एकाच मातीत, दोन शेजाऱ्यांना वेगळे दर मिळाले. पुढे २०२५ च्या वसंतात २०२४ च्या पेऱ्यावर कापसाला एकरी ८४.७४ डॉलर दर ठरला (सुरुवातीला त्याचे ८५ टक्के दिले), आणि डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘ब्रिज’ पॅकेजमध्ये २०२५ च्या पेऱ्यावर एकरी ११७.३५ डॉलर.

वरच्या उदाहरणातल्या ७७.५२ शी हे ताडून पाहा. तात्पुरतं म्हणून आलेलं पॅकेज नेहमीच्या योजनेपेक्षा जड भरतंय. आमच्या मते खरा धोका इथे आहे: भाव पडला की वॉशिंग्टन काहीतरी देईलच, हे गृहीत धरून जमिनीचं भाडं ठरायला लागतं. ही रक्कम पेऱ्याच्या नोंदीवर मिळते, म्हणून १५ जुलैचा तो कंटाळवाणा फॉर्म इतका महत्त्वाचा. महाराष्ट्रानं २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत दिले तेव्हा ई-पीक पाहणी न केलेल्यांची जी धावपळ झाली, तिची जात हीच.

चेक कुणाच्या नावावर

२०२५ च्या पिकासाठी पीएलसी-एआरसीची मर्यादा माणशी १,५५,००० डॉलर ठरली. आधी १,२५,००० होती. आपल्या उदाहरणात दोन हजार बेस एकरांवर १,५५,०४० डॉलर होतात, म्हणजे मर्यादेच्या चाळीस डॉलर वर. त्यापुढचे एकर एका माणसाच्या नावावर निरुपयोगी. म्हणून मोठी शेती भागीदारीत दाखवतात. साध्या भागीदारीला स्वतःची मर्यादा नसते, प्रत्येक भागीदाराला वेगळी असते. नवरा-बायको, मुलगा, आणि २०१८ पासून पुतणे-भाचे, चुलत-मामे भावंडंसुद्धा. ‘शेतीत सक्रिय सहभाग’ दाखवावा लागतो: जमीन, भांडवल किंवा यंत्रं, आणि त्याबरोबर श्रम किंवा व्यवस्थापन. व्यवस्थापन म्हणजे नेमकं किती, यावरच सगळी वकिली चालते. १९८० च्या दशकात कागदावर कंपन्यांची इतकी उतरंड रचली जायची की तिला ‘मिसिसिपी ख्रिसमस ट्री’ म्हणत. २००८ च्या कायद्यानं पैसा शेवटच्या खऱ्या माणसापर्यंत मोजायला सुरुवात केली, तेव्हा ती बरीच झडली. विमा हप्त्याच्या अनुदानाला मात्र अशी मर्यादाच नाही.

शिवाय तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या आत असल्याचं प्रमाणपत्र, शेतीचा कारभार कोण-कसा करतो याचा आराखडा, आणि धूप होणारी जमीन व पाणथळ जागा न मोडल्याची हमी, एवढे कागद हवेत. पैसे अडकतात ते बहुतेक याच ठिकाणी: नव्या भागीदारानं उत्पन्नाचा फॉर्म दिला नाही, बायकोची सही राहिली, जमीनमालक वारला आणि वारसांची नोंद झाली नाही, किंवा जुन्या सरकारी थकबाकीत रक्कम परस्पर वळती झाली.

जमीन दुसऱ्याची असेल तर? रोख भाड्यानं, म्हणजे आपल्या ठोक्यानं कसणाऱ्याला पूर्ण चेक मिळतो, कारण जोखीम त्याची. बटईत पिकाचा जो वाटा तोच चेकचा. नियम न्याय्य आहे, पण मालकाला बेस एकरांचा आकडा माहीत असतो. पुढच्या कराराला तो भाडं वाढवतो, आणि चेक कुळाच्या नावावर निघूनही पैसा मालकाकडे सरकतो. याची मुळं १९३३ पर्यंत जातात. त्या वर्षी भाव चढावा म्हणून सरकारनं सुमारे एक कोटी एकर उभी कपाशी नांगरून टाकायला लावली. सरीत पाय टाकायचा पण झाडावर नाही, एवढंच शिकलेली खेचरं कपाशीवर चालायला तयार होईनात, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या. चेक जमीनमालकांच्या हाती गेले. पेरा घटल्यावर वाटेकरी कुळांची गरज उरली नाही आणि हजारो कुटुंबं बेघर झाली. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झा गावी गोऱ्या-काळ्या कुळांनी मिळून संघटना उभारली ती याच वाटपावरून. काळ्या शेतकऱ्यांना काउंटी कार्यालयांत मिळालेल्या वागणुकीचा खटला १९९९ मध्ये तडजोडीनं मिटला, त्यातही स्थानिक समित्यांच्या भेदभावाचाच प्रश्न होता.

‘काउंटीला एवढे कोटी मिळाले’ अशी बातमी वाचताना

एका कॅलेंडर वर्षाच्या बेरजेत वेगवेगळ्या हंगामांचे पैसे असतात: पीएलसी गेल्या वर्षीच्या पिकाचं, पॅकेज कधी गेल्या तर कधी चालू पेऱ्याचं, गाठीवरच्या कर्जाचा फायदा दोन्हींकडचा. त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी आकडा लहान आणि चांगल्या पावसाच्या वर्षी मोठा दिसू शकतो. एफएसएनं कुणाला किती दिलं ते सार्वजनिक आहे, आणि स्वयंसेवी संस्थांनी काउंटीवार मांडूनही ठेवलंय. विम्याची भरपाई कुणाला किती मिळाली हे मात्र कायद्यानं गोपनीय आहे, फक्त काउंटीची बेरीज कळते.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी थेट धागा आहे तो आयातीचा. भारतानं ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढलं, तेव्हा बाहेरची रुई जागतिक भावातच गिरण्यांपर्यंत येऊ लागली. त्या भावात अमेरिकी शेतकऱ्याचा खर्च निघो न निघो, त्याच्या मागे वरच्या चार खुंट्या आहेत. दुसऱ्या बाजूला अमेरिकेनंही नोव्हेंबर २०१८ मध्ये भारताच्या कापूस हमीभावावर जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप नोंदवलाय. तिथे बोट ठेवलं ते उत्पादनाला बांधलेला हमीभावाचा आधार भारत प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो यावर. बेस एकराला बांधलेला पैसा नियमांच्या चौकटीत तुलनेनं निर्दोष दिसतो, कारण तो घेण्यासाठी कापूस पिकवावा लागत नाही.